चौदा घरांचा नकार

माझं अक्षर चांगलं आहे असं केंद्रप्रमुखांपासून सगळे म्हणतात, आणि मला ते ऐकायला आवडतं, खोटं कशाला बोलू. त्या चांगल्या अक्षरात मी एका दुपारी, एकाखाली एक, चौदा वेळा 'गरज नाही' असं लिहिलं. चौदा घरं, त्र्याहत्तर माणसं, आणि कोणालाच दारात नळ नको. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट लवकर सुटका झाली म्हणून मी खूश होते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. म्हणजे मधून मधून शिकवते. एरवी आम्ही माणसं मोजतो, मतदार मोजतो, संडास मोजतो, एकदा तर शेळ्यासुद्धा मोजल्या. त्या वर्षी नळ मोजायचे होते. पाथरीहून मी रोज स्कूटीवर ज्या गावाला जाते, तिथल्या प्रत्येक घरी जायचं आणि तीन रकान्यांपैकी एक भरायचा: नळ आहे, नळ पाहिजे, गरज नाही.

गावठाणातली घरं करताना माझा जीव मेटाकुटीला आला. एकाला दोन नळ पाहिजे होते, एक दारात आणि एक गोठ्यात. दुसऱ्याला भावाच्या आधी पाहिजे होता. तिसऱ्याने मला तासभर बसवून घेतलं आणि शेवटी सांगितलं की मालक बाहेरगावी आहेत, उद्या या. चार दिवसांत मी इतकी वैतागले की घरी आल्यावर नवऱ्याने पाणी पाहिजे का विचारलं तरी अंगावर धावून जायची.

शेवटी राहिली इराणी वस्ती. ओढ्याच्या पलीकडे, जुन्या बाजारतळाच्या मागे ही चौदा घरं आहेत. गाव त्यांना इराणी म्हणतं. त्यांना विचारलं तर म्हणतात, आमी इथलेच. घरात फारसी बोलतात, बाजारात दखनी, आणि आपल्याशी आपल्यासारखंच. त्यांचे पणजे निजामाच्या राज्यात घोडे विकत हिंडायचे. घोड्यांचे दिवस सरले तसे चाकू-कात्र्या विकू लागले, आणि आता चष्मे विकतात. पाथरीचा बाजार, वालूरचा बाजार, झरीचा बाजार, असा त्यांचा आठवडा ठरलेला असतो.

वालूरला माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. त्यांनी आयुष्यातला पहिला चष्मा बाजारात एका इराणी बाईकडून घेतला. तिच्याकडे यंत्र नव्हतं की अक्षरांचा तक्ता नव्हता. तिने त्यांच्या हातात सुई आणि दोरा दिला आणि एकेक चष्मा डोळ्यांवर चढवत गेली. ज्या चष्म्याने दोरा सुईत गेला, तो चष्मा त्यांचा. वडिलांनी तो अकरा वर्षं वापरला. पुढे परभणीच्या डॉक्टरांनी डोळे तपासले तेव्हा म्हणे नंबर बरोबर निघाला, आणि हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे.

असं असूनही त्या दिवशी ओढा ओलांडायच्या आधी मी स्कूटी थांबवली आणि मंगळसूत्र ब्लाउजच्या आत सारलं. आदल्या दिवशी गावातल्या एकीने बजावलं होतं, "बाई, जपून जावा. बोलत बोलत गळ्यातलं काढून घेतेत, कळत बी न्हाई." त्या बाईचं काही गेलेलं नव्हतं, तिच्या ओळखीत कोणाचं गेलेलं नव्हतं. मी तेही विचारलं नाही. वरून पदर घट्ट ओढून घेतला.

वस्तीच्या तोंडाशीच एक म्हातारी भेटली. सत्तरीची, उंच, डोक्यावर फुलाफुलांची ओढणी, आणि ओढणीच्या टोकाला किल्ल्यांचा जुडगा. सगळी वस्ती तिला ननेजान म्हणते. नने म्हणजे आई. मी तिला मावशी म्हणाले. चैत्रातलं ऊन डोक्यावर होतं. तिने मला बाभळीखाली गालिचा अंथरून बसवलं आणि काचेच्या पेल्यातून बिनदुधाचा लालसर चहा दिला. चहात साखर नव्हती. खडीसाखरेचा खडा दातात धरायचा आणि त्यावरून चहा प्यायचा, अशी त्यांची रीत. मी खडा कडाकडा चावून खाल्ला, तशा बाजूच्या पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या.

आधी माणसं लिहून घेतली. बाजाराला गेलेली माणसं धरायची का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, धरा, संध्याकाळी घरी येतात ना. मग ती बोटांवर सांगत गेली. एक पाथरीला, दोघं झरीला, एक नातू मेकॅनिककडे, एक सून माहेरी. प्रत्येक घराचं तिला पाठ होतं. मी इतक्या घरांत फिरले, पण कुठे वय विचारल्यावर न अडखळता सांगणारी ही पहिलीच बाई.

मग मी मुद्द्यावर आले. "मावशी, घरात नळ पाहिजे का? सरकारकडून आहे."

"नको, नको," ती म्हणाली. "तुमी उन्हाचं आलात, बसलात, लय झालं. आदी गावाला द्या."

हे मला नवीनच होतं. म्हणून मी पुन्हा विचारलं. "नक्की नको ना? परत कोणी विचारायला येणार नाही हं."

"आमाला काय, हीर हाय की वढ्याला. साळंला द्या नळ. लेकरं तहानंली ऱ्हातेत."

मी लिहिलं, गरज नाही, आणि वही मिटली. ती गप्प बसून माझ्याकडे बघत राहिली. आजूबाजूच्या बायकाही बघत होत्या. मला वाटलं, यांना कामं असतील, मी उठायची वाट बघतायत. मग ती मला दारोदार घेऊन गेली आणि प्रत्येक दारात तेच झालं. घरातली बाई आधी ननेजानकडे बघायची, मग "नको बाई" म्हणायची. दुसऱ्या दारापासून मी एकदाच विचारायला लागले. दोन तासांत चौदा घरं झाली.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी मुलांना समाधानावर गोष्ट सांगितली. मोठ्या माडीच्या घरांना दोन नळ पाहिजेत आणि ज्यांच्या घरी काही नाही ते म्हणतात आधी दुसऱ्याला द्या, बघा, याला म्हणतात मनाची श्रीमंती. वस्तीतल्या सात मुली समोरच बसल्या होत्या. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

पावसाळ्यानंतर पाइप टाकायचं काम निघालं. खोदायचं यंत्र ओढ्याच्या अलीकडे, मैलाच्या जुन्या दगडापर्यंत आलं आणि तिथून वळलं. गावात दारोदार तोट्या बसल्या. मी रोज सकाळी त्याच रस्त्याने जायची आणि वस्तीतल्या बायका विहिरीवरून डोक्यावर एक, कमरेवर एक घागर घेऊन चढ चढताना दिसायच्या. विहिरीच्या पायऱ्या झिजलेल्या, वरून शेवाळ. मी मनात म्हणायची, अजब लोक आहेत, फुकट मिळत होतं ते घेतलं नाही. कोणी तक्रार करायला आलं नाही. बायका मला बघून हसायच्या आणि घागर सांभाळत हात वर करायच्या.

संक्रांतीच्या पुढे-मागे ननेजान त्या पायऱ्यांवरून पडली. उजवं मनगट मोडलं. तिची एक नात माझ्या वर्गात आहे, तिच्याकडून कळलं. मी शाळा सुटल्यावर चार केळी घेऊन गेले. म्हातारी खाटेवर बसली होती, हात गळ्यात, आणि चेहऱ्यावर अशी लाज की जणू काचेचं काही पाडून फोडलंय. चष्मे विकायचे म्हणजे दोन्ही हात लागतात, तिचा बाजार बंद झाला होता. मला बघून तिने डाव्या हाताने गालिचा झटकायला घेतला.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मावशी, तेव्हा नळ घेतला असता तर ही वेळ आली असती का? मी दोनदा विचारलं होतं."

तिची धाकटी सून चहा घेऊन आली होती, बाहेरगावची, चार बुकं शिकलेली. ती खाली बघत म्हणाली, "बाई, तुमी तिसऱ्यांदा इचारलंच न्हाई."

मला काही कळेना. मग तिने समजावून सांगितलं. त्यांच्यात कोणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि जमलं तर दुसऱ्या कोणाचं तरी नाव पुढे करायचं. देणाऱ्याने तिसऱ्यांदा म्हटलं की मग घ्यायचं. याला ते तारोफ म्हणतात. पहिल्याच बोलण्याला हात पुढे करणारा माणूस खालच्या दर्जाचा, आणि दोनदा विचारून उठून जाणारा माणूस मनातून देणारा नव्हताच. "तुमी वही मिटली," सून म्हणाली, "आमाला वाटलं, बाईला द्यायचं न्हाई, वरवर इचारायल्यात."

मी चिडलेच. "अहो, सरकारी कागद आहे तो! सरळ हो म्हणायचं ना. पुढं येऊन सांगायचं तरी!"

"एकदा नको म्हणल्यावर मागाया कसं जायचं?" ती म्हणाली. मग थोडी थांबून, सासूकडे एक नजर टाकून म्हणाली, "आन बाई, लोकं तसंबी म्हणतेत, हे घ्यायलाच येतेत. म्हणून नने म्हणते, आपून हात पुढं करायचाच न्हाई. कोनी दिलं तर घ्यायचं."

माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. त्या दिवशी मंगळसूत्र बाहेर होतं, पण मला वाटलं की तिने पहिल्या दिवशीचं बघितलं असणार. बघितलंच असणार. चष्मे विकणाऱ्या बायका त्या, त्यांच्या नजरेतून काय सुटणार होतं.

घरी आले आणि भाकरी थापता थापता मला माझीच शरम वाटायला लागली. तारोफ मला नवीन होतं असं नाही. आमच्याकडे जंगमस्वामी जेवायला येतात. ते "पुरे, पुरे" म्हणत ताटावर हात आडवा धरतात आणि सासूबाई त्यांच्या बोटांच्या फटीतून तूप सोडतात. कोणी पुरे म्हटलं म्हणून सासूबाई वाढायच्या थांबल्या असत्या, तर आमच्या घरी पुन्हा कोणी जेवायला आलं नसतं. लग्नानंतर मीच पहिल्या सणाला पुरणपोळी नको म्हणून उपाशी उठायच्या बेतात होते. एवढं सगळं माहीत असून मी ओढ्यापलीकडे गेले तेव्हा ते विसरले. माझ्या डोक्यात फक्त रकाने होते.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत गेले आणि ग्रामसेवकाला सांगितलं, माझी चूक झाली, चौदा घरांना नळ पाहिजे. तो हसला. "एखादं घर चुकलं म्हणा, बाई. चौदाच्या चौदा? आन तुमचं अक्षर तर असं की वाचायला चष्मा बी लागत न्हाई." मग त्याने सांगितलं की राहिलेल्या घरांची यादी पुढच्या ग्रामसभेत होणार आहे, तालुक्याहून साहेब येतील. कागदावर नकार आहे, त्यामुळे वस्तीच्या कोणीतरी सगळ्यांसमोर उभं राहून पाहिजे म्हणायला लागेल. साहेब एकदा विचारतील. तिथे नको निघालं तर वस्तीचा विषय कायमचा बंद.

"साहेबांना तिसऱ्यांदा विचारायला सांगता येईल का?" मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी निघून आले.

बोलणार ननेजानच, दुसरं कोणी बोलणं शक्य नव्हतं. ती असताना दुसऱ्याने तोंड उघडणं हा तिचा अपमान. म्हणून मी शाळा सुटल्यावर रोज तिच्याकडे जायला लागले, तिला हो म्हणायला शिकवायला. मी पहिलीच्या पोरांना बाराखडी शिकवलीय, हे त्याहून अवघड गेलं. मी साहेब व्हायची, त्यांच्याच विकायच्या चष्म्यांतला एक नाकावर घ्यायची आणि जाड आवाज काढून विचारायची, "नळ पाहिजे का?" ती तोंड उघडायची आणि बाहेर यायचं, "नको साहेब, बसा आदी." पोरी हसून लोळायच्या. तीही हसायची. मी म्हणायची, मावशी, हसण्यावारी नेऊ नका.

एकदा ती गंभीर होऊन म्हणाली, "बाई, माझी आई म्हणायची, पैल्या हाकेला धावतंय ते कुत्रं. मानूस थांबतंय." मग म्हणाली, "तुमी शिकलात की आता तिसऱ्यांदा इचाराया. साहेब बी शिकंल." मला तिच्या प्लास्टरमधल्या हाताकडे बघवेना. साहेब शिकणार नव्हता. तिलाच तिची रीत मोडावी लागणार होती, आणि ते मी तिच्याकडून करून घेत होते.

ग्रामसभा शाळेच्याच व्हरांड्यात भरली. वस्तीतल्या बायका कडेला, खांबाच्या मागे बसल्या. साहेब घाईत होते. आधी गटाराचा विषय झाला, त्यावर अर्धा तास भांडण झालं. मग त्यांनी कागद उचलला. "इराणी वस्ती, चौदा घरं. सर्व्हेत गरज नाही असं आहे. आता काय, पाहिजे का?"

मागून कोणीतरी म्हणालं, "तवा नको व्हता, आता बरा पाह्यजे झाला!" काही जण हसले.

ननेजान उभी राहिली. गळ्यात बांधलेल्या हातावरून तिने ओढणी घेतली होती. तिने आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती डाव्या हाताने ओढणीच्या टोकाचा जुडगा चाचपत राहिली आणि साहेबांनी पेन उचललं.

"पाह्यजे," ती म्हणाली.

आवाज इतका मोठा निघाला की ती स्वतःच दचकली. मग जरा खाली आवाजात म्हणाली, "पाह्यजे, साहेब. चौदाबी घराला."

साहेबांनी लिहिलं आणि पुढचा विषय घेतला, रस्त्यावरचे दिवे. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नसेल. ननेजान खाली बसली आणि ओढणी तोंडावर ओढून घेतली. वस्तीतल्या बायका जमिनीकडे बघत होत्या. सभा संपल्यावर मी धावत तिच्याकडे गेले. मला वाटलं होतं, ती माझा हात धरेल.

"झालं मावशी, जिंकलात!" मी म्हटलं.

"जावा बाई," ती म्हणाली. "तुमाला उशीर व्हायलाय."

त्यानंतर महिनाभर मी चार-पाच वेळा वस्तीत गेले. ती बोलायची, हाताचं विचारलं की सांगायची, पण गालिचा काढला नाही आणि चहा विचारला नाही. एकदाही नाही. मी परतताना स्कूटीवर रडले, आणि रागही आला, की एवढं सगळं कोणासाठी केलं. मग वाटायचं, काय केलं? चोरीची भीती मी बाळगली होती आणि शेवटी काढून घेतलं ते मीच, तिचं. पाणी मिळणार होतं, हे खरं. पण भर गावासमोर पहिल्या हाकेला धावलेली बाई म्हणून ती आता रोज आरशात बघत असणार.

उन्हाळा लागायच्या तोंडावर पाइप ओढ्यापलीकडे गेला. ज्या दिवशी पाणी सुटणार होतं त्या दिवशी सुनेने नातीकडून निरोप पाठवला, बाईला यायला सांग. मी गेले तेव्हा सगळी वस्ती ननेजानच्या दारात होती. त्या दिवशी बाजारालाही कोणी गेलं नव्हतं, त्र्याहत्तरच्या त्र्याहत्तर माणसं. तोटीतून आधी नुसती हवा आली, मग लाल गढूळ पाणी, मग स्वच्छ. पोरं ओरडली. प्लास्टर सुटलं होतं, तरी ननेजानचा हात अजून वाकडाच धरलेला होता. तिने त्याच हाताने चहाचा काचेचा पेला तोटीखाली धरला, भरला, आणि सगळ्यांच्या आधी माझ्यापुढे केला.

"घ्या, बाई."

मी पाहुणी होते. मला काय करायचं ते आता चांगलं माहीत होतं. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा म्हणायचं की आधी लेकरांना द्या. सून मला डोळ्यांनी तेच खुणावत होती, बाई इतक्या दिवसांत शिकलीय हे सासूला दिसावं म्हणून.

मी हात पुढे केला. "द्या मावशी," मी म्हटलं, "लय तहान लागलीय." आणि पेला हिसकावल्यासारखा घेऊन सगळा एका दमात प्यायले. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, मंगळसूत्रावर सांडलं. पेला पुढे करून म्हणाले, "आणखी एक."

कोणा पोरीने "अय्या" केलं. सुनेने कपाळावर हात मारला. ननेजान माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडाच्या कडा हळूहळू हलायला लागल्या. तिने माझ्या हातातून पेला घेतला आणि पुन्हा तोटीखाली धरला.

"आता आपून दोघीबी बेसरम झालो, बाई," ती म्हणाली.

मग तिने सुनेला गालिचा अंथरायला सांगितलं आणि चहा ठेवायला सांगितलं, मला न विचारता.